शिकवणे आणि भरवणे

मुलांना आवडलेल्या गोष्टीचा पुढचा भाग सांगणे हे मोठे जोखमीचे काम असते. राक्षस मेला, राजपुत्राचे लग्न झाले, आजीने 'सुफळ संपूर्ण' म्हणून दिवा बारीक केला, तरी पांघरुणातून आवाज येतोच, "मग पुढे काय झालं?" पण हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बहुधा पुढचे नको असते. त्याला तेच पुन्हा हवे असते. तोच राक्षस, तीच गुहा, तोच शेवट. सांगणाऱ्याची अडचण अशी की, मधल्या काळात मूल मोठे झालेले असते आणि जगही जागचे हललेले असते. तेच पुन्हा सांगावे तर ती फसवणूक होते, निराळे सांगावे तर विश्वासघात.

या जोखमीचे आपल्या देशातले फार चांगले उदाहरण बंगालीत आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१५ साली 'संदेश' या आपल्या मुलांच्या मासिकात गुपी आणि बाघा या दोन मित्रांची गोष्ट लिहिली. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये तिच्यावरून 'गुपी गाइन बाघा बाइन' हा संगीतमय चित्रपट काढला. मुलांसाठी काहीतरी करा, हा त्यांच्या मुलाचा, संदीपचा, हट्ट त्यामागे होता. गुपीला गाता येत नाही आणि बाघाला ढोल वाजवता येत नाही, पण दोघांना हौस दांडगी. दोघेही आपापल्या गावातून हाकलले जातात आणि एका रानात भेटतात. तिथे भुतांचा राजा प्रसन्न होऊन त्यांना तीन वर देतो : टाळीला टाळी दिली की खायला-ल्यायला मिळेल, दिलेले जोडे घालून टाळी दिली की हवे तिथे जाता येईल, आणि गाणे-बजावणे सुरू झाले की ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. एवढ्या भांडवलावर हे दोघे दोन राज्यांमधले युद्ध थांबवतात. उपाशी सैनिकांवर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि हातातली हत्यारे टाकून सैन्य मिठाईकडे धावते. हा चित्रपट बंगालमध्ये जवळजवळ वर्षभर चालला आणि तिथल्या दोन पिढ्यांना त्याची गाणी पाठ आहेत.

अकरा वर्षांनी, डिसेंबर १९८० मध्ये, राय यांनी याचा पुढचा भाग आणला, 'हीरक राजार देशे', म्हणजे हिरक राजाच्या देशात. गुपी-बाघा तेच, तपेन चटर्जी आणि रवी घोष. गुपीच्या गाण्यांना गळा तोच, अनुप घोषाल यांचा. वरही तेच तीन. पण राज्य निराळे. इथे हिऱ्यांच्या खाणी आहेत आणि खाणीतला मजूर उपाशी आहे. शेतकऱ्याच्या घरात दाणा नाही आणि करवसुली मात्र चुकत नाही. राजाला आपल्या भव्य पुतळ्याच्या अनावरणाची घाई झाली आहे, आणि पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून गोरगरिबांना गावाबाहेर हलवले जात आहे. आणीबाणी उठून तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे प्रेक्षकाला नाते जुळवायला वेळ लागला नाही. राजा झाले आहेत उत्पल दत्त, आपल्याला 'गोलमाल'मुळे घरचे वाटणारे. त्यांच्यासमोर उभा आहे एक शाळामास्तर, उदयन पंडित. ही भूमिका सौमित्र चटर्जींची. राजा शाळा बंद करतो, पुस्तके जाळतो आणि मास्तराला डोंगरात लपावे लागते.

राजाजवळ एक शास्त्रज्ञ आहे आणि त्या शास्त्रज्ञाजवळ एक यंत्र. तक्रार करणाऱ्या माणसाला त्या यंत्राच्या खोलीत कोंडायचे, दरबारी कवीने रचलेला दोन ओळींचा मंत्र यंत्रात घालायचा, आणि काही वेळाने माणूस बाहेर येतो तो आनंदाने तोच मंत्र घोकत. उपाशी शेतकरी कराचे गुणगान करतो, उपाशी मजूर कमी खाण्याचे. बंगालीत याला 'मगज धोलाई' म्हटले आहे. मगज आणि धुलाई, दोन्ही शब्द आपल्याला भाषांतराशिवाय कळतात. आणि त्या खोलीचे नाव आहे 'जंतरमंतर'.

उज्जैनच्या माणसाचे कान इथे टवकारतात. आमच्याकडेही जंतरमंतर आहे. शिप्रेच्या काठी, गावाच्या दक्षिणेला, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने ही वेधशाळा बांधली. तो तेव्हा माळव्याचा सुभेदार होता. पुढे ती मोडकळीला आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. गेली कितीतरी वर्षे मी नववीच्या मुलांना तिथे नेतो. सम्राट यंत्राच्या कमानीवर पडलेली सावली मुले वाचतात, मग मनगटावरचे घड्याळ पाहतात आणि ओरडतात, यंत्र चूक आहे! मग त्यांना सांगावे लागते की घड्याळ भारताच्या प्रमाणवेळेने चालते, ती वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेला आहे. म्हणून इथला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटे मागे, आणि त्यात वर्षाच्या दिवसाप्रमाणे थोडा आणखी फरक. तिथल्या कोष्टकावरून मुले बेरीज करतात आणि वेळ जुळली की पुन्हा ओरडतात. या यंत्राची मला मोठी गंमत वाटते. ते काहीच सांगत नाही. ते सावली दाखवते, वाचायचे तुम्ही. शंका आली तर उद्या पुन्हा या, सूर्य येणारच आहे.

एकाच नावाची ही दोन यंत्रे. एकात माणूस उघड्या आकाशाखाली डोळे उघडून उभा राहतो, दुसऱ्यात त्याला बंद खोलीत बसवून दुसऱ्याचा शब्द ऐकवला जातो. शिक्षकाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर मला वाटते की, शाळा नावाची वास्तू या दोन जंतरमंतरांच्या मधे कुठेतरी उभी असते, आणि ती रोज थोडी इकडे किंवा तिकडे सरकत असते.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण चित्रपटाच्या अखेरीस आहे. गुपी-बाघा आणि मास्तर मिळून राजाचा डाव उलटवतात. राजाला आणि त्याच्या मंत्र्यांना त्याच खोलीत ढकलले जाते. मंत्र मात्र आता नवा असतो, राजाला खाली खेचण्याचा. राजा बाहेर येतो तो धावतच, आणि आपल्याच पुतळ्याला बांधलेला दोर प्रजेबरोबर ओढू लागतो. पुतळा कोसळतो. पाहणाऱ्यांची मुले टाळ्या पिटतात, मोठेही पिटतात. मीही पिटल्या. पण घरी गेल्यावर मनात एक प्रश्न शिल्लक राहतो. मास्तराने हे करावे काय? ज्याच्या शाळेसाठी एवढे रण झाले, त्याच्या बाजूचा विजय शेवटी शिकवून झाला नाही, यंत्राने झाला. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. या चित्रपटात बहुतेक मंडळी यमकात बोलतात, राजा तर हटकून. मास्तर तेवढा साध्या गद्यात बोलतो, कारण त्याचे डोके त्याचे स्वतःचे आहे. पण यंत्रात घालायचा नवा मंत्र मात्र यमकातच असावा लागतो. राजाचे हत्यार हाती घ्यायचे तर राजाची भाषाही घ्यावी लागते.

आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या दोन तासांत मुलांना अधूनमधून चित्रपट दाखवतो. 'हीरक राजार देशे' दाखवला तेव्हा मी तात्पर्य सांगितले नाही, एवढेच विचारले, "गुरुजींचं बरोबर की चूक?" आमची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे चर्चा हिंदीत झाली. एक मुलगा म्हणाला, बरोबरच. नाहीतर राजाला मारावे लागले असते. इथे रक्ताचा थेंब सांडला नाही. वर्गाने माना डोलावल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती म्हणाली, "सर, राजा सुधरा थोड़े ही, उसमें तो चाबी भर दी गई. कल कोई दूसरी चाबी भर देगा." वर्ग गप्प झाला. शेवटी तिसऱ्याने विचारले, मग गुरुजींनी करायला काय हवे होते? राजाला पाचवीत बसवायचे? सगळे हसले. मी विचारले, "बसवलं तर किती वर्षं लागतील?" कोणी म्हणाले दहा, कोणी म्हणाले वीस, एकाने सांगितले की तो कायम नापासच होईल.

हसण्यावारी गेलेल्या त्या उत्तरात बरेच काही आहे. शिकवायला वर्षे लागतात आणि शेवटी मूल शिकेलच याची हमी नसते. यंत्राला घटकाभर पुरतो आणि हमी पक्की. म्हणून यंत्राचा मोह दुष्ट माणसालाच होतो असे नाही. ज्याला घाई आहे त्या प्रत्येकाला तो होतो, आणि चांगल्या माणसाला तर घाई फार असते.

पहिला भाग आणि दुसरा भाग यांतला फरकही इथेच आहे. पहिल्या भागात युद्धाला निघालेला हल्ल्याचा राजा मुळात भला माणूस असतो. कपटी प्रधान जादूगाराचे औषध पाजून त्याला क्रूर बनवतो. औषधाचा अंमल उतरतो आणि राजा पुन्हा लहान मुलासारखा निर्मळ होतो. वाईटपण बाहेरून आलेले होते, ते काढून टाकले की झाले. १९६९ साली आठ वर्षांच्या असलेल्या मुलाला ही गोष्ट पुरेशी होती. पण १९८० साली तो मुलगा एकोणीस वर्षांचा झाला होता. त्याला आता सांगावे लागले की हिरक राजाला कोणी औषध पाजलेले नाही. तो पूर्ण शुद्धीवर आहे आणि त्याला हेच हवे आहे. मग अशा माणसाचे करायचे काय? पहिल्या चित्रपटात भले करणे म्हणजे मनावरचा अंमल उतरवणे होते. दुसऱ्यात तेच भले करायला मनावर अंमल चढवावा लागतो. पुढचा भाग याला म्हणावे. तेच जोडे, तीच टाळी, पण प्रश्न मुलाबरोबर वाढलेला.

कोणी म्हणेल की लहान मुलांच्या लाडक्या गुपी-बाघाच्या तोंडून मोठ्यांचे राजकारण सांगणे, हीसुद्धा एक प्रकारची मगज-धुलाईच नाही का? शंका रास्त आहे. पण यंत्रातून बाहेर आलेला माणूस यंत्राविषयी शंका घेत नाही, आणि आमच्या नववीतल्या मुलीने चित्रपट संपल्यावर चित्रपटाच्याच नायकाला आरोपी केले. ज्या कलाकृतीतून तिच्याच विरुद्ध प्रश्न घेऊन बाहेर पडता येते, ती डोके धूत नाही.

योगायोग असा की, साता समुद्रापलीकडेही असाच पुढचा भाग निघाला आणि त्यातही असेच एक यंत्र आहे. 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९चा अमेरिकन संगीतपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डोरोथी नावाची मुलगी वादळात उडून एका अद्भुत देशात जाते आणि शेवटी घरच बरे म्हणत परत येते. सेहेचाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, डिस्नेने 'रिटर्न टू ऑझ' काढला. नेमका त्याच संगीतपटाचा पुढचा भाग असे त्याला म्हणता येणार नाही, तो मूळ पुस्तकमालेतल्या पुढच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. पण प्रेक्षक गेले ते डोरोथी पुन्हा भेटेल म्हणून. आणि दिसले काय? घरी परतलेली डोरोथी ऑझच्याच गोष्टी बोलते, रात्री झोपत नाही, म्हणून तिची मावशी तिला एका डॉक्टराकडे नेते. तो विजेच्या यंत्राने डोक्यातले असले विचार काढून टाकणार असतो. ऐन वेळी वादळात वीज जाते आणि मुलगी सुटते. त्या काळी चित्रपट फारसा चालला नाही. मुले घाबरली, पालक रागावले.

मला यातली ती मावशी हिरक राजापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. राजा दुष्ट होता, त्याचा न्याय सोपा आहे. मावशी दुष्ट नाही. शेती-घराच्या चिंतेने गांजलेली ती साधी बाई आहे आणि मुलीचे बरे व्हावे म्हणूनच तिने तिला तिथे नेले आहे. आपल्या घरात हिरक राजा येण्याचा संभव थोडा. मावशी मात्र घरोघरी आहे.

आता आपल्या घराकडे येतो. हा अंक ज्या जिल्ह्यांत वाचला जातो तिथे दारातून बाहेर पडले की भाषा बदलते. कुठे कन्नड, कुठे तेलुगू, कुठे हिंदी. आम्ही माळव्यातली मराठी माणसे शिंदे-होळकरांच्या काळापासून इथे आहोत. तुम्ही सीमेवरचे, आम्ही सीमेच्या पार आतले, पण काळजी एकच, मुलांची मराठी टिकेल का? ती काळजी खोटी नाही. याच उज्जैनमध्ये शिकलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी आणि त्यांची कविता हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी झाले. एकाच घरातून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. पण प्रत्येक घरात मुक्तिबोध नसतात. पुष्कळदा एक भाषा नुसतीच गळून पडते आणि तिच्या जागी काही येत नाही.

आपण मराठी माणसे 'भरवणे' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. आई लेकराला घास भरवते, आणि कोणी कोणाच्या डोक्यात काहीबाही भरवून देतो. दोन्हीकडे तोंड उघडणारा एक आणि हात चालवणारा दुसरा. फरक एवढाच की घास भरवणारी आई मुलाच्या चेहऱ्याकडे बघत असते. मुलाने मान फिरवली की ती थांबते, काऊ-चिऊ करते, पुन्हा बघते. आणि एक दिवस वाटी मुलाच्या हातात देऊन बाजूला होते. डोक्यात भरवणारा चेहऱ्याकडे बघत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षकांपैकी एक म्हणून गेलो होतो. दहा वर्षांचा एक मुलगा फेटा बांधून आला आणि मराठी अस्मितेवर पाच मिनिटे घडाघडा बोलला. आवाज खणखणीत, हात योग्य जागी वर. बक्षीस त्यालाच मिळाले, आणि गुणांच्या तक्त्याप्रमाणे ते रास्तच होते : पाठांतराला दहा, उच्चाराला दहा, हावभावाला दहा. चहाच्या वेळी मी त्याला जवळ घेऊन सहज विचारले, "बाळ, अस्मिता म्हणजे काय रे?" त्याने आईकडे पाहिले आणि म्हणाला, "मेरी बुआ की लड़की." आम्ही सगळे हसलो. पण त्या पोराचे काही चुकले नव्हते. अस्मिता नावाची एकच गोष्ट त्याच्या ओळखीची होती, आणि ती त्याच्या आत्याकडे होती. चूक तक्त्यात होती. त्यात प्रश्नाला गुणच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मुख्याध्यापक, मग पाठांतर बंद करायचे काय? मुळीच नाही. आमच्या घरी रोज दिवेलागणीला परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, मग रामरक्षा. अर्थ कळत होता असे नाही. पण नऊ-दहा वर्षांचा असताना गोपाळ मंदिराजवळच्या बाजारात एका वाण्याने सव्वा शेराचा हिशेब जास्त लावला, तो मी तिथल्या तिथे तोंडाने करून दाखवला. पुढे एकदा वडिलांच्याच जमाखर्चातली चूक त्याच पावकीने दाखवली. ते हसले, त्यांनी आकडा खोडला आणि नवा लिहिला. पाठ केलेली गोष्ट शिकवणे आहे की भरवणे, याची माझी कसोटी ही आहे. ती ज्याने दिली त्याच्यावरच ती उलटून लावता येते का? पाढ्यांनी वडिलांची चूक काढता येते. हिरक राजाच्या मंत्राने राजाची चूक काढता येत नाही, ती झाकता मात्र येते.

तर मग उदयन पंडिताचा निवाडा काय? महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची चर्चा आहे. एरवी निषिद्ध असलेली गोष्ट प्राणसंकटात करावी लागली तर ती क्षम्य ठरते, पण संकट टळले की ती सोडायची असते. मास्तराने यंत्र वापरले ते आपद्धर्म म्हणून. शाळा बंद होती, पुस्तकांची राख झाली होती, माणसे उपाशी मरत होती. मी त्याला दोष देत नाही. पण ते शिकवणे होते असेही मी म्हणणार नाही. मास्तराची खरी परीक्षा पुतळा पडला त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. शाळा भरली आहे, पोरे गोंगाट करताहेत, एकाला गणित येत नाही, दुसरा उलट उत्तर देतो आहे. आणि पलीकडच्या इमारतीत ते यंत्र तयार आहे. चांगल्या कामासाठी थोडेसे वापरले तर काय बिघडले? पुतळा पाडायला दोर पुरतो. यंत्र मोडायला मात्र, ज्याच्या हाती ते आले आहे, त्यानेच ते मोडावे लागते.

आपली मेख इथेच आहे. आपण दुभाषी जिल्ह्यांतली माणसे सतत आपत्काळात असल्यासारखी राहतो. भाषा चालली, मुले चालली, वेळ नाही, घाई करा. ज्या घरात बारमाही आणीबाणी असते तिथे आपद्धर्म हाच धर्म होऊन बसतो. मग मुलाला घोषणा देतो, अभिमान देतो, पलीकडच्या भाषेविषयीचा रागही देतो, आणि सर्व यमकात. पलीकडच्या घरातही त्यांच्या भाषेत हेच चालले असते. दोन्हीकडची मुले एकाच मैदानात क्रिकेट खेळतात म्हणून बरे.

मग मराठी द्यायची तरी कशी? मला ठाऊक असलेला मार्ग लांबचा आहे. आमच्या गल्लीत एक आजी रोज दुपारी नातीबरोबर पत्ते खेळतात. नात शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. परवा जाता जाता खिडकीतून तिचा आवाज ऐकला, "आजी, तू लबाडी केलीस! सत्ती तुझ्याकडेच होती!" आजी नाकबूल करत होत्या, नात पुरावे देत होती, आणि ते भांडण शुद्ध मराठीत चालले होते. त्या मुलीची मराठी टिकेल असे मला वाटते. ज्या भाषेत मुलाला आपल्या माणसाला 'तुझं चुकलं' म्हणता येते, ती भाषा त्याची होते. ज्या भाषेत त्याला नुसते टाळ्या मिळवण्यापुरते बोलता येते, ती भाषणाबरोबर फेट्यासारखी उतरवून ठेवली जाते.

आमच्या उज्जैनच्या विक्रमाला वेताळ भेटला तोही असाच. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे तुमच्या-आमच्या पैठणचा आहे. लोकांनी त्याला उज्जैनचा केले. वेताळाने त्याला पाठ करायला काही दिले नाही. गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारले, आता तू सांग, यात कोणाचे बरोबर? राजाने उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर, आणि राजाची पायपीट पुन्हा पहिल्यापासून. शिकवण्याचे हे चित्र मला हिरक राजाच्या यंत्रापेक्षा खरे वाटते. वेळखाऊ, पाठीवर ओझे, आणि दर वेळी पुढचा भाग आहेच.

दिवाळीची सुट्टी आहे. फराळाची ताटे घेऊन घरची मंडळी एकत्र बसतील तेव्हा हे दोन्ही चित्रपट मुलांबरोबर जरूर पाहा. बंगाली असले तरी अडत नाही. लहानांना बंगाली जड गेले तर शिल्पा रानडे यांनी केलेला 'गोपी गवैया बाघा बजैया' हा २०१९ मध्ये प्रदर्शित झालेला हिंदी ॲनिमेशनपट आहे, पहिल्या गोष्टीची ओळख त्यातून होईल. दुसरा चित्रपट संपला, राजाने दोर ओढला, पुतळा पडला, की मुलांना एवढेच विचारा, गुरुजींचे बरोबर की चूक? आणि मग, फार कठीण असले तरी, आपण थोडा वेळ गप्प बसा.